शेततळ्यात लाखोंनी, ओढ्यात जवळजवळ नाहीच: महाकाय सॅलमँडर आणि महाकाय पाकट

प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनचा महाकाय सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला महाकाय पाकट (चाबकासारख्या शेपटीचा चपटा मासा), दोघेही गोड्या पाण्यातले, दोघेही तळाला राहणारे, दोघेही संकटात. मग मोठा कोण? जास्त धोक्यात कोण? दोघांचं आपसात काही नातं आहे का? पैसा एकापुरताच असेल तर आधी कोणाकडे वळावं? आणि शेवटी जाता जाता विचारलंय की दोघांना एका टाकीत ठेवता येईल का.

गोड्या पाण्यातले प्राणी सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली. सॅलमँडर हाताळले, पाकटही हाताळले. पाकट अर्थात मेकाँगमधल्या त्या राक्षसाएवढे नव्हेत, त्याचे लहान भाऊबंद. त्यामुळे उत्तर लांबणार आणि वाटेत थोडं भरकटणारही.

मोठा कोण हे आधी उरकून टाकतो, कारण त्यात वाद नाही. पाकट. जून २०२२ मध्ये कंबोडियातल्या स्टंग ट्रेंग भागात, कोह प्रेआ बेटाजवळ, एका मच्छीमाराच्या गळाला पाकटाची मादी लागली. वजन ३०० किलो, शेपटीसकट लांबी जवळपास ४ मीटर, रुंदी २.२ मीटर. गोड्या पाण्यातला इतका जड मासा त्याआधी कुणी तोलल्याची नोंद नव्हती. तो मान २००५ मध्ये थायलंडमध्ये मिळालेल्या २९३ किलोच्या मेकाँग कॅटफिशकडे होता. गोल गरगरीत म्हणून लोकांनी तिचं नाव ‘बोरामी’ ठेवलं, ख्मेर भाषेत पौर्णिमेचा चंद्र. माग काढता यावा म्हणून अंगावर ध्वनिखूण (आवाजाचे संकेत सोडणारं छोटं यंत्र) लावून तिला परत नदीत सोडलं. सॅलमँडर यापुढे किरकोळच वाटेल: फार तर १.८ मीटर, वजन पन्नासेक किलो. पण तो उभयचर आहे हे ध्यानात घ्या. ज्या घराण्यात बहुतेक सगळे तळहातावर मावतात, त्यात माणसाच्या उंचीचा एखादा निघावा, तसला हा प्रकार.

नात्याचं उत्तर मात्र लोकांना चकवतं. दोघे चपटे, चिकट, तळाला पडून राहणारे, म्हणून ते कुठेतरी जवळचे असतील असं वाटतं. प्रत्यक्षात सॅलमँडर पाकटापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा आहे. पाकट हा शार्कच्या कुळातला, त्याच्या अंगात हाड नावाला नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. त्याची वाट हाडं असलेल्या प्राण्यांपासून चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच फुटली. त्या दुसऱ्या वाटेवर पुढे मांसल परांचे मासे झाले, त्यांच्यातून चार पायांचे प्राणी आले, आणि त्यांतच सॅलमँडरही आला नि आपणही. चपटेपणा दोघांना वेगवेगळ्या कारणांनी मिळाला. पाकट वाळूत दडतो म्हणून चपटा. सॅलमँडर दगडाच्या कपारीत शिरतो म्हणून चपटा.

खरी तुलना करायची तर श्वासाची करावी. तिथे दोघांचं सगळं गुपित आहे.

पाकटाचे कल्ले पोटाखाली असतात, पाच जोड्या फटी. आता जो प्राणी दिवसभर चिखलात पोट टेकून पडतो, त्याने खालून पाणी ओढलं तर गाळच आत जाणार. म्हणून डोळ्यांच्या मागे त्याला दोन भोकं असतात, श्वासरंध्रं. वरचं स्वच्छ पाणी त्यातून आत, कल्ल्यांवरून फिरून खालून बाहेर. पाकट वाळूत पुरता गाडलेला असतो तेव्हाही ही दोन भोकं आणि डोळे तेवढे वर दिसतात. नवीन माणसाला मी नेहमी सांगायचो, पाकट आजारी आहे का ते अंग बघून कळणार नाही, घड्याळ लावून मिनिटभर भोकाची झाकणं मोज. शांत असला की उघडझाप एका लयीत, सावकाश. पाण्यात काही बिनसलं की लय आधी चढते, रंग नि भूक नंतर बदलतात.

सॅलमँडरचं उलटं. पिल्लू असताना त्याला बाहेर लोंबणारे कल्ले असतात, मोठेपणी ते जातात. फुप्फुसं आहेत, पण श्वासापेक्षा पाण्यात तोल राखायला जास्त कामाची. मग हा एवढा मोठा प्राणी श्वास घेतो कशाने? कातडीने. दोन्ही कुशींना कातडीच्या चुण्या पडलेल्या असतात, झालरीसारख्या, आणि त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं. जेवढी चुणी जास्त तेवढा पाण्याशी संबंध जास्त. म्हणून त्याला थंड, वाहतं, खळाळतं पाणी लागतं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पंधरा ते वीस अंशांत तो खूश असतो.

हे मी पुस्तकातून नाही, एका फजितीतून शिकलो. एकदा रात्री पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. पहाटे पाळीवरचा पोरगा धावत आला, म्हणाला, सर, सॅलमँडर डोलतोय, छान मूडमध्ये आहे. मी लाल बॅटरी घेऊन गेलो. प्राणी चारही पाय रोवून उभा, आणि अंग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाळणा हलवावा तसं. प्रत्येक हेलकाव्याला कुशीच्या चुण्या पाण्यात फडफडत होत्या. तो मूड नव्हता, धाप होती. पाणी तापलं, प्राणवायू कमी झाला, म्हणून तो अंगाभोवतीचं वापरलेलं पाणी झटकून नवं ओढत होता. पोत्याने बर्फ पिशव्यांत भरून टाकीत सोडला, हवेचे बुडबुडे सोडणारे दगड दुप्पट लावले. दुपारपर्यंत तो थांबला. त्याला घाईने पकडून दुसऱ्या टाकीत हलवायची चूकही त्या गडबडीत होता होता राहिली. घाबरला की हा प्राणी अंगातून पांढरा चिकट चीक सोडतो, आणि त्याने पाणी आणखीच बिघडलं असतं. या चिकाला झोंबणारा, मिरपुडीसारखा वास येतो. जपानी भाषेत सॅलमँडरला ‘सांशो मासा’ म्हणतात, सांशो म्हणजे तिकडची एक झणझणीत मिरी. नाव ज्याने ठेवलं त्याने तो नक्की हातात धरला असणार.

पिल्लांच्या बाबतीतही दोघांची रीत वेगळी, आणि संकटाचं गणित त्यावर बेतलेलं आहे. सॅलमँडरची मादी माळेसारखी चारपाचशे अंडी घालते आणि निघून जाते. बिळाचा मालक नर असतो. तो अंड्यांवर पहारा देतो, शेपटीने पाणी हलवत राहतो. पाकटाची मादी अंडी घालतच नाही. पिल्लं पोटात वाढतात, गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर, आणि एका खेपेला जेमतेम एक ते चार जन्मतात, प्रत्येक ताटाएवढं. म्हणजे एक मोठी मादी गळाला लागून मेली की पाकटांचं नुकसान किती, हे सांगायला नको. सॅलमँडर पाचशे अंडी घालतो तर त्याला कसली काळजी, असं कुणालाही वाटेल. तिथेच सगळी गोम आहे.

चीनमध्ये या घटकेला पाळीव सॅलमँडर लाखोंनी आहेत. मांसासाठी पाळतात; महागडं, प्रतिष्ठेचं खाणं. शानशी प्रांतात, छिनलिंगच्या डोंगररांगांत, याचा मोठाच धंदा झाला. आणि त्याच वेळी रानातली अवस्था बघा. २०१३ ते २०१६ या काळात चिनी आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून ९७ ठिकाणी ओढे पालथे घातले. दगड उचलून, रात्री बॅटऱ्या मारून, सापळे लावून. चार ठिकाणी मिळून २४ सॅलमँडर सापडले. त्यांतलेही शेततळ्यातून आलेले असावेत असंच जनुकांवरून दिसत होतं. हे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांना धक्का बसला, पण आश्चर्य फार जणांना वाटलं नाही.

शेततळी ओढ्यांना वाचवतील असा सरकारी हिशेब होता: पाळीव माल स्वस्त झाला की रानातली चोरी थांबेल, शिवाय काही पिल्लं रानात सोडता येतील. दोन्हीकडे बिनसलं. पाळीव जनावरांची पुढची पिढी काढणं सुरुवातीला जमत नव्हतं, म्हणून जोड्या लावायला रानातलेच धरून आणत राहिले. गळ, विष, विजेचा झटका, जे हाताला लागेल ते. दाटीवाटीच्या तळ्यांत रानाव्हायरस नावाच्या, उभयचरांना मारणाऱ्या विषाणूची साथ पसरली. आणि सोडलेली पिल्लं कुठल्या खोऱ्यातली, कुठल्या ओढ्यात सोडली, हे विचारलंच गेलं नाही. सगळे एकच ना, मग काय फरक पडतो?

फरक पडत होता, आणि इथे मला नावांबद्दल बोलायलाच हवं. दोन्ही प्राण्यांच्या नावांचा घोळ झालाय, पण उलट-सुलट.

पाकटाचं असं झालं की प्राणी एक आणि नावं दोन. ब्लीकर या डच संशोधकाने १८५२ मध्ये जकार्तामधल्या एका पिल्लावरून त्याचं वर्णन लिहिलं. पिल्लू केवढं, तर तीसेक सेंटिमीटर रुंदीचं. पुढे सगळे ते विसरले. १९९० मध्ये थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीतल्या धिप्पाड पाकटाला नवीन प्रजाती समजून नवं नाव मिळालं. ते पिल्लू आणि हा धिप्पाड एकच, हे २००८ मध्ये ठरलं आणि ब्लीकरचं जुनं नाव परत आलं. या सगळ्यात पाकटाचं काही बिघडलं नाही. कागदावरचा घोळ कागदावर मिटला.

सॅलमँडरचं झालं नाव एक आणि प्राणी अनेक. पीत नदी, यांगत्से, पर्ल नदी, सगळीकडचे महाकाय सॅलमँडर एकाच नावाखाली टाकले गेले, दिसायला सारखे म्हणून. जनुकं तपासली तेव्हा कळलं की हे किमान पाच वेगवेगळे वंश, लाखो वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटलेले. डोंगररांगांनी वेगळी झालेली खोरी. कातडीने श्वास घेणारा, थंड ओढा सोडून चार पावलं न जाणारा प्राणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणार कसा? माणसाच्या ट्रकमधून. शेततळ्यांनी हे वंश एकमेकांत मिसळले आणि मग ती सरमिसळ रानात ओतली.

गंमत म्हणा की दुर्दैव, दक्षिण चीनचा सॅलमँडर वेगळा आहे हे बूलेंजर नावाचा प्राणिशास्त्रज्ञ १९२४ मध्येच लिहून गेला होता. कुणी मानलं नाही. २०१९ मध्ये लंडनच्या संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचे जनुक तपासले आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. बूलेंजरने नाव दिलेला तो प्राणी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वीस वर्षं जिवंत होता. जगातला सर्वांत मोठा उभयचर कदाचित हाच दक्षिणेकडचा, असं आता संशोधक म्हणतात. २०२४ मध्ये जपानमध्ये पाळलेल्या चिनी सॅलमँडरांची तपासणी झाली तेव्हा त्यांत या दक्षिण चिनी प्रजातीचे काही निघाले. ते तिथे पोचले कसे? खाण्यासाठी म्हणून जपानने चीनमधून सॅलमँडर आणले होते. त्यांतले काही नदीत सुटले आणि क्योटोच्या कामो नदीत आता जपानी सॅलमँडरांशी त्यांचा संकर झालाय. तोही आमच्या लोकांच्या डोक्याला ताप; चिनी प्रजाती अतिसंकटग्रस्त, जपानी स्वतः राष्ट्रीय ठेवा, आणि दोघांची पोरं मात्र कुणालाच नको आहेत.

या घराण्याच्या नशिबात ओळख चुकणं लिहिलेलंच आहे बहुतेक. १७२६ मध्ये शॉयख्झर नावाच्या स्विस पंडिताने एका जीवाश्माला महाप्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा सांगाडा ठरवलं होतं. १८११ मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने नेदरलँड्समधल्या हारलेमला जाऊन तो दगड कोरला, तेव्हा आतून सॅलमँडरचे पुढचे पाय निघाले. या महाकाय सॅलमँडरांच्या गटाचं शास्त्रीय नाव ‘अँड्रियास’, म्हणजे माणसाची प्रतिमा, ते त्या चुकीची आठवण म्हणूनच.

तर जास्त धोक्यात कोण? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत सॅलमँडर ‘अतिसंकटग्रस्त’, पाकट ‘संकटग्रस्त’, म्हणजे एक पायरी खाली. मला ती क्रमवारी पटते. लोक मला म्हणतात, पण पाकट किती उरलेत ते कुणी मोजलेलंही नाही आणि सॅलमँडर तर लाखोंनी आहेत. मी म्हणतो, शेततळ्यातला आकडा कोंबड्यांच्या आकड्यासारखा आहे. कोंबड्या किती आहेत त्यावरून जंगलात रानकोंबडा उरला की नाही ते कळत नाही.

पाकटाची बाजूही हलकी घेऊ नका. त्याची अडचण नदीची आहे. मेकाँगच्या उत्तर कंबोडियातल्या खोल डोहांत तो टिकून आहे. पण वरच्या अंगाला धरणं झाली, लाओसमधलं शायाबुरी २०१९ मध्ये आणि डॉन साहाँग २०२० मध्ये सुरू झालं. पावसाळ्यातल्या पुराची चढउतार हीच मेकाँगच्या माशांची पंचांग-घड्याळ, आणि ती बिघडत चालली आहे. शिवाय पाकट तळाला असतो, त्यामुळे पाण्यात विष उतरलं तर सर्वांत आधी तोच सापडतो. थायलंडच्या मे क्लाँग नदीत ऑक्टोबर २०१६ मध्ये थोड्याच दिवसांत सुमारे ७० महाकाय पाकट मेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या माद्या त्यात गेल्या असतील. एका खेपेला जेमतेम एक ते चार पिल्लं देणाऱ्या प्राण्याला असं भगदाड भरून काढायला किती काळ लागेल, याचा हिशेब करून बघा.

आता पैशाचा प्रश्न. माझं मत विचाराल तर आधी सॅलमँडर, आणि त्यातही नवीन शेततळ्यांवर एक छदाम नको. पैसा दोन जागी लावावा. एक, ओढ्यात काहीही सोडण्याआधी त्याची जनुक-तपासणी. दुसरं, जे ओढे अजून निर्भेळ आहेत त्यांची राखण. असे ओढे आहेत का? एक तरी आहे. च्यांगशी प्रांतातल्या च्यौलिंग डोंगरांतल्या राखीव जंगलात जनुकांनी शुद्ध, स्वतःहून पिल्लं काढणारे सॅलमँडर सापडले आणि २०२२ मध्ये त्यांना वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं. पुढच्याच वर्षी आन्ह्वी प्रांतातून आणखी एक. जिथे ओढा राखायचा तिथे खर्च तसा थोडाच असतो: रात्रीचा पहारा, वरच्या बाजूला खाण किंवा बंधारा होऊ न देणं, आणि मुख्य म्हणजे बाहेरचा सॅलमँडर आत येऊ न देणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण पिल्लं सोडण्याचा समारंभ लोकांना आवडतो. फोटो छान येतो.

पाकटासाठी पैशापेक्षा नदीकाठच्या माणसाशी असलेले संबंध कामाला येतात. बोरामी वाचली ती मच्छीमाराने संशोधकांना कळवलं म्हणून. त्याला बाजारभावाने मोबदला मिळाला आणि मादी परत पाण्यात गेली. एवढ्या मोठ्या जनावराच्या शेपटीवर ३८ सेंटिमीटरपर्यंतचा करवतीसारखा, विषारी काटा असतो. हाताळताना आधी त्या काट्यावर जाड कापड गुंडाळतात, मग बाकीचं. लहान पाकटांनाही आम्ही हेच करायचो, आणि तरी माझ्या डाव्या करंगळीला एक पांढरा व्रण आहे. विषापेक्षा त्या काट्याचे उलटे दात बाहेर येताना जास्त नुकसान करतात. कोमट नव्हे, सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर दुखणं ओसरलं. उष्णतेने ते विष निकामी होतं.

म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: एका टाकीत नाही, अजिबात नाही. पाकटाला पंचवीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, सॅलमँडर तेवढ्यात डोलायला लागेल. मधलं तापमान धरलंत तर दोघेही हळूहळू कुढतील. ते जमलं असं समजा, तरी सॅलमँडरची नजर अगदीच मंद; डोळे मण्याएवढे, पापणीही नाही. तो पाण्यातली हालचाल कातडीने ओळखतो आणि थोबाडासमोर जे वळवळेल त्यावर तोंड टाकतो, आधी गिळून मग विचार. पाकटाची चाबकासारखी शेपटी त्याच्या थोबाडासमोरून एकदा जरी गेली, तरी त्या रात्री टाकीतून दोन प्राणी बाहेर काढावे लागतील.